आहे ते टिकवायचं

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६. लासुर्णे

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आज तात्यांबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, बारामतीला गेले. डोळ्यांत थेंब घालून डॉक्टरांनी पडदा तपासला. म्हणाले, "साखरेमुळं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतायत. सोमवारी लेझर करू."

"मग पहिल्यासारखं दिसंल?" मी विचारलं.

"गेलेलं परत येईलच असं नाही. आहे ते टिकवायचं."

आहे ते टिकवायचं. तेव्हापासून हेच डोक्यात. म्हणजे काही गेलंसुद्धा, आणि मला कळलं नाही? दुखलं असतं तर आधीच दाखवायला गेले नसते का?

एसटीत तात्यांना खरं सांगून टाकलं. बरं वाटत होतं म्हणून वर्षभर साखरेच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. रागावतील वाटलं होतं. तर म्हणाले, "म्हशीच्या औषधाची येळ मी चुकवत न्हाय, आन् घरातल्या सुनंला कधी इचारलं न्हाय. चूक माझीबी हाय."

थेंबांमुळं ऊन सोसवत नव्हतं. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खिडकीला आडवा धरला. मग मात्र मला रडू आवरेना. त्यांना कळलं असणार. लासुर्णे येईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.