दोन मिलिअँपिअर

१५ सप्टेंबर
संघटनेवाले म्हणतात, आता सुटका नाही. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या मास्तरनेसुद्धा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर दोन वर्षांत घरी. मला एकावन्नावं चालू आहे. घाबरलेलो नाही. फक्त चार दिवस जेवण जात नाही.

२१ सप्टेंबर
सराव पेपर सोडवला. दीडशेपैकी एकसष्ट. पासिंगला नव्वद लागतात. छायाने तपासला. म्हणाली, अहो, बालमानसशास्त्रात तीसपैकी सात? मी म्हटलं, उत्तरसूचीच चुकीची आहे. 'अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाचे काय करावे' याला चार पर्याय, आणि त्यात उठाबशा नाहीत! या लोकांनी कधी वर्ग पाहिलाय का?

२८ सप्टेंबर
दोष वयाचा आहे. वाचलेलं राहत नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. कपाळावर दोन ओले स्पंज, त्यातून बारीक करंट, दोन मिलिअँपिअर, वीस मिनिटं. स्मरणशक्ती वाढते. शेवटी त्यातला डॉक्टर म्हणाला, पुरावे अजून कच्चे आहेत, घरी करू नका. डॉक्टर लोकांना तसं म्हणावंच लागतं.

२ ऑक्टोबर
सुट्टी. सातपूरला राजूच्या दुकानात गेलो. जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करतो. दिंडोरीकडच्या शाळेतला माझाच विद्यार्थी. इतका ढ पोरगा परत पाहिला नाही. 'याच्या डोक्यात काही शिरायचं नाही' असं त्याच्या वडिलांना मी भरवर्गात सांगितलं होतं. स्पष्टवक्तेपणा माझा स्वभावच आहे.
आज त्याला म्हटलं, मशीन बनवून दे. तो नको म्हणाला. सर, डोक्याला करंट? मी म्हटलं, राजू, माझी नोकरी जाईल रे. मग तयार झाला. रविवारी या म्हणाला.

६ ऑक्टोबर, पहाटे ५
राजूने केलेला डबा झकास! नऊ व्होल्टची बॅटरी, पुढे लाल दिवा, पाटी पुसायचे दोन स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवलेले, वरून चड्डीचं इलॅस्टिक. दिवा लागला आणि कपाळाला मुंग्या! मेंदू जागा होतोय. वीस मिनिटं डबा, मग मुंग्या उतरायच्या आत दोन तास अभ्यास. रोज.

१४ ऑक्टोबर
एकोणऐंशी!! छाया म्हणते, रोज दोन तास बसायला लागलात म्हणून. हिला विज्ञान कळत नाही.
कपाळावर दोन लाल गोल उमटलेत. वर्गात अंधश्रद्धेविरुद्धचा तक्ता मीच लावलाय. सरपंच बघून हसले, गुरुजी, शेवटी त्र्यंबकला जाऊन गंध लावून आलात म्हणायचं. खुलासा केला नाही.

९ नोव्हेंबर
सत्त्याण्णव. सत्त्याण्णव! बॅटरी अजून पहिलीच चालू आहे. पोरगा ढ, पण हात चांगला.

१६ नोव्हेंबर
संकल्प: यश एकट्याने खायचं नाही. परीक्षा झाली की वर्गातल्या सहा कच्च्या पोरांना डबे लावायचे. राजूला फोन करून सहा नग सांगितले, लहान साइज. बघतो सर, म्हणून त्याने फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर
राजू घरी आला. बस म्हटलं तरी उभाच. म्हणाला, सर, पोरांना नका लावू. त्या डब्यात कायच नाय. बॅटरीवर फक्त दिवा जोडलाय, स्पंजाच्या वायरी आत मोकळ्या सोडल्यात. तुमच्या डोक्याला करंट लावायची माझी हिंमतच नाय झाली.
मी विचारलं, मग त्या मुंग्या? म्हणाला, सर, इलॅस्टिक लय घट्ट व्हतं.
त्याला ढ म्हणालो. डबा त्याच्या हातात देऊन हाकलून दिलं. छाया म्हणाली, म्हणजे सत्त्याण्णव तुमचेच की हो! हिला खरंच काही कळत नाही.

२० नोव्हेंबर
सराव पेपर. सत्तर. पाठ केलेलं सगळं गेलं. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसतात. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: मला फार भीती वाटते. शाळा सोडून मला दुसरं काही येत नाही.

२३ नोव्हेंबर
परीक्षा झाली. हात सारखा कपाळाकडे जात होता. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, सर, डोकं दुखतंय का? मागे पडणाऱ्या मुलाचा प्रश्न आला होता. उठाबशा याही वेळी नव्हत्या. पर्याय तिसरा: 'तुला जमेल, असा विश्वास देणे.' त्याच्याकडे बघत बसलो. त्यात चार-पाच मिनिटं गेली. शेवटचे सहा प्रश्न राहिले.

१७ जानेवारी
अठ्ठ्याऐंशी. दोन मार्कांनी गेली.
छायाने निकाल पाहिला. चहा ठेवून आत गेली.
दुपारी राजूला फोन लावला. माफी मागायची असं पक्कं ठरवलं होतं. निकाल सांगितला. तो म्हणाला, सर, पुढच्या टायमाला व्हईल, तुम्हाला जमंल. मग माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, तो डबा परत आणून दे. करंट नको. दिवा तेवढा लागू दे.
तो म्हणाला, आणतो सर. आता इलॅस्टिक सैल लावतो.
मी म्हटलं, नको. घट्टच असू दे.