उलटवलेली टेकडी

प्रिय गेलन,

तुझा निरोप मिळाला. जंगलातल्या चार नंबरच्या कॅमेऱ्याचं कार्ड तुझ्याकडे असेल तर पाठवून दे, यंदा शिकारीचा सीझन उघडतो त्या सकाळी बाबांच्या आठवणीत एक छानशी फिल्म टाकायची आहे, लोक सारखे विचारतात, असं तू लिहिलंस आणि खाली हात जोडलेली तीन चित्रं. वर्षभरात तू मला पाठवलेला हा सगळ्यात लांब मजकूर. कार्ड माझ्याकडेच आहे. पाठवायचं की शेगडीत टाकायचं, ते अजून ठरवलेलं नाही. लिहिता लिहिता ठरेल. कागदावरचं तू फारसं वाचत नाहीस, हे मला माहीत आहे. हे मात्र वाच. याच्यावर गाणं लावता येणार नाही.

आधी इकडच्या बातम्या. 'पाद्री' जिवंत आहे. तोच, गळ्याशी पांढरा पट्टा असलेला नर, ज्याला बाबांनी नाव ठेवलं होतं. यंदा त्याच्या शिंगांना बारा टोकं आलीत आणि चाल तर अशी, की जसं काही अख्खं विस्कॉन्सिन त्याच्या बापाचं. चर्चच्या तळघरात बायकांनी लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायला घेतलंय. आर्डिसच्या अजूनही जाड होतात आणि ती अजूनही पिठाला दोष देते. चौकातल्या दारूच्या गुत्त्यात भिंतीएवढा टीव्ही आलाय. शुक्रवारी लोक मासे खातात आणि त्याच्यावर तुझ्या फिल्मा बघतात. चार तासांवरच्या शहरात बसून, झाडांवरच्या कॅमेऱ्यांनी तुझ्या फोनवर पाठवलेली आपल्या गावची हरणं तू आपल्याच गावाला दाखवतोस, याचं त्यांना फार कौतुक. "पोरगं बापावर गेलंय," म्हणतात. मी समोरचा मासा खाते.

तुला आठवतं का, हे सगळं तुला शिकवलं कुणी? पहिला कॅमेरा मी बांधला होता. तेव्हा तू झाडाला पट्टा आवळायलाही घाबरायचास. एका मोठ्या नराचा फोटो मी कौतुकानं चारचौघांत फिरवला. शेजारच्या रोलिननं मागचा खडक ओळखला आणि तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या पलीकडून त्याला पाडला. बाबा आठवडाभर मला चिडवत होते, "फोटो आमच्या मार्लीनं काढायचे आणि शिंगं रोलिनच्या भिंतीवर!" त्यानंतर मी तुला दोन नियम शिकवले. एक, खालची पट्टी कापायची, म्हणजे तारीख, वेळ, तापमान काही कळत नाही. दोन, चित्र आरशात दिसतं तसं उलटवायचं, म्हणजे डावीकडची टेकडी उजवीकडे जाते आणि चोर भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. तू शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावलीस. माझं एवढं एकच बोलणं तू आयुष्यभर पाळलंस.

आणि बाबांची टोपी. कॅमेऱ्यासमोरून जाताना ते नारिंगी टोपी काढून हलवायचे, कारण दुसऱ्या टोकाला तू असायचास. मी म्हणायचे, "बाबा, हरणं बुजतात." ते म्हणायचे, "हरणं रोज बघतात मला. पोरगा कुठे बघतो?" तुझ्या चाहत्यांना तो म्हातारा आवडायचा आणि तू त्याचे तुकडे जमवून ठेवायचास. ते ऐकून बाबा खूश व्हायचे. मला तेव्हाही ते आवडत नव्हतं, पण मी बोलले नाही. घरात आधीच आपण दोघं कमी बोलायचो.

आता त्या मंगळवारचं. सीझन उघडायला चार दिवस होते. त्र्याऐंशी वर्षांचे बाबा फोन चार्जरला लावून, मला न सांगता, मचाणाची एक सैल फळी ठोकायला गेले. मी सकाळपासून लेफ्से लाटायला चर्चमध्ये. साडेदहाच्या सुमारास आर्डिस पिठाच्या हातांनी फोन घेऊन आली. "अगं मार्लिस, तुझे बाबा तर नट झाले!" तुझी फिल्म होती. बाबा झाडाला टेकून जमिनीवर बसलेत आणि टोपी जोरजोरात हलवतायत. वर नाचाचा पोल्का वाजतोय. खाली तू लिहिलं होतंस, 'आमच्या जंगलातला सगळ्यात म्हातारा नर. याला मारायला बंदी.' बारा बायका हसल्या. मीही हसले, गेलन. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी त्याच्यावर बदामही दाबला. तो अजून तिथे आहे, मी काढलेला नाही.

साडेचारला घरी आले तर घर थंड आणि गाडी दारात. तुला तीनदा फोन केला तेव्हा तू उचललास. मी विचारलं, "सकाळचा तो कॅमेरा कुठला? कुंपणाजवळचा ना? वाकलेलं बर्चचं झाड, उजव्या हाताला टेकडी?" तू म्हणालास, "हो हो, तोच. का गं, काय झालं?" तू तुझी फिल्म बघत होतास आणि मीही तुझीच फिल्म बघत होते. तिच्यात टेकडी उजवीकडेच होती. महिन्यापूर्वी सगळे कॅमेरे तू स्वतः हलवले होतेस आणि चित्र उलटवलंही तूच होतंस. उलटवायला शिकवलं होतं मी. पण पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात दोघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात, ती ही अशी.

टेकडी उजवीकडे म्हणजे ओढ्याची पश्चिम बाजू, म्हणून मी शेरिफच्या माणसांना तिकडे नेलं. आठ माणसं, दोन कुत्री आणि मी. हाका मारून मारून घसा बसला. वाकलेले बर्च तिकडेही होते, आणि आमच्याच माणसांच्या पावलांचे ठसे बघून मी दोनदा ओरडले, "इकडे आलेत बाबा, इकडे!" बाबा पूर्वेला होते. मध्ये फक्त ओढा. पूल दोन मैलांवर, म्हणून त्या बाजूला कुणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोलिनला सापडले. माझा नर चोरणारा रोलिन टोपी हातात धरून आमच्या पायरीवर उभा होता. बाबांचं नाव घेऊन म्हणाला, "ऑरिन आमच्या बाजूला आहे, मार्लिस. काल तुम्ही पलीकडे कशाला ओरडत होता?" मी दार लावून घेतलं.

तू आलास, रडलास, छान रडलास. तळघरात हॅमचे सँडविच खाता खाता सगळ्यांना सांगितलंस, की सकाळी फोनवर फक्त एकच तुकडा आला, टेकडीवर नेटवर्क कुठे असतं! शेरिफच्या माणसानंही मान हलवली, कारण नेटवर्क नसतंच हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग तू फोन समोर धरून चाहत्यांसाठी बोललास, की बाबा शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या लाडक्या जंगलात होते, शांत होते. त्याला टोपीच्या फिल्मपेक्षा दुप्पट लोकांनी बघितलं. त्याच आठवड्यात मी चार नंबरचा कॅमेरा झाडावरून काढला आणि त्यातलं कार्ड पिठाच्या कपाटात ठेवलं. बघायची छाती झाली नाही. तुझा निरोप आला नसता तर ते अजून तिथेच असतं.

या मंगळवारी बघितलं. कार्डावर त्या दिवसाचे अकरा तुकडे आहेत, प्रत्येक वीस सेकंदांचा. पट्टीसकट, सुलटे, आवाजासकट. पहिला सात वाजून चाळीस मिनिटांचा, तापमान एकोणतीस फॅरनहाइट. म्हणजे पाणी गोठायचं तेव्हाच सुरू झालं होतं. तुझी फिल्म सात सेकंदांची होती. उरलेल्या तेरात काय आहे, ते तुला माहीत आहे, कारण तूच ते कापलंस. बाबा टोपी खाली ठेवतात, मांडीकडे बोट दाखवतात, उठायला बघतात आणि कोसळतात. हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण कापायच्या आधी तू ते बघितलंस, गेलन. आवाज ऐकला नसशील, यावर मी विश्वास ठेवते. तू पोल्का शोधत असशील. आवाजात ते म्हणतात, "गेलन, पाय मोडलाय रे. मार्लीला पाठव."

मग पुढचे. हालचाल झाल्याशिवाय तो कॅमेरा उघडत नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते टोपी हलवत होते. गंमत करत नव्हते, कॅमेऱ्याला जागं करत होते. दर वेळी टोपी हलवायची आणि वीस सेकंदांत तुझ्याशी बोलायचं. तिसऱ्यात ते चिडलेत, "अरे झोपलास का?" पाचव्यात माफी मागतात, तुझ्या कामात व्यत्यय आणला म्हणून. सातव्यात म्हणतात, घाई नको करूस, रस्त्यावर बर्फ असेल, गाडी सावकाश हाक. त्यांना वाटत होतं तू निघालास. आठव्यापासून अंधार पडल्यानं चित्र काळंपांढरं होतं आणि टोपी गुडघ्याच्या वर येत नाही. दहाव्यात नुसतं तुझं नाव आहे.

अकरावा सहा वाजून पन्नास मिनिटांचा, तापमान चौदा. त्यात लांबून एक बाई ओरडताना ऐकू येते. घसा बसलेली. बाबा आवाजाकडे मान वळवतात आणि म्हणतात, "मार्ली, अगं इकडे." दोनदा. दुसऱ्यांदा ते हसतात, आपण एखाद्या वेंधळ्या पोराला हसतो तसं. बाईचा आवाज लांब लांब जातो आणि वीस सेकंद संपतात. हा तुकडा मी माझ्यासाठी ठेवून घेणार होते. बाकीचे दहा तुला, हा मला, अशी वाटणीही मनात झाली होती.

पण तसं करत नाही. कापण्याचं आणि उलटवण्याचं काम मी तुला शिकवलं, मला स्वतःला ते आता करायचं नाही. अकराच्या अकरा पाठवते आहे. कार्ड पाकिटाच्या तळाशी आहे, बाबा शिकारीच्या परवान्याचा पाठीवर लावायचा नंबर ठेवायचे त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुसरी प्रत नाही. माझ्याकडे नाही, शेरिफकडे नाही, कुणाकडेच नाही. तू पुसून टाकलंस तर कुणालाही कळणार नाही. तुझ्या बायकोला नाही, चाहत्यांना नाही, रोलिनलाही नाही. मला कळेल. मी कुणाला काही सांगणारही नाही, तुझी हसरी फिल्म बघून बदाम मीही दाबला होता. आवाज ऐकलाच नाही, ही तुझी सुटका तुलाच राहू दे. मात्र सीझन उघडतो त्या पहाटे मी गुत्त्यात जाणार आहे. मचाणावर चढायच्या आधी सगळं गाव तिथे कॉफी प्यायला जमतं आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर तुझी फिल्म लागते. बाबांच्या आठवणीतली छानशी फिल्म. मी पुढच्या बाकावर बसेन. टेकडी कुठल्या हाताला आहे ते बघेन, आणि दोनशेवीस सेकंदांतले तू किती ठेवलेस ते मोजेन.

चित्र उलटवायला शिकवणारी, तुझीच बहीण,
मार्लिस