छोटी नमाज, पळती नमाज

प्रिय अब्बा,

सलाम. आत्ताच असरची, दुपार कलल्यावरची, नमाज पढवून घरी आलो, टोपी खुंटीला लावली आणि सरळ वही काढली. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तोंड नव्हतं. आज तोंड आहे, म्हणून लिहितो!

घरात आपली दखनी, पण मी लातूरला मदरशात होतो तेव्हा तुमची पत्रं मराठीतच यायची. झेडपीच्या शाळेत गिरवलेलं ते ठसठशीत अक्षर! 'पोटभर जेव, पण पोट फुटंस्तोवर न्हाय. रात्री वाच, पण डोळे फुटंस्तोवर न्हाय.' दर पत्रात काहीतरी फुटायचंच. आम्ही पोरं वाचून हसायचो.

मी हाफिज होऊन, म्हणजे अख्खं कुरआन तोंडपाठ करून, बेंबळीत परत आलो तेव्हा काय तोरा होता माझा! मदरशात एतदालवर, म्हणजे धर्मातल्या मध्यम चालीवर, भाषण ठोकून पहिलं बक्षीस आणलेलं. अती नको, ढिलाई नको, मधली वाट धरा! टाळ्याच टाळ्या. आणि गावात येऊन पहिलं काम काय केलं? तर तुम्हालाच तोडून बोललो. "अब्बा, तुम्ही नमाज पढवत नाही, उरकता."

तुम्ही दुकानात फवारणीचा पंप खोलून बसला होता. वर बघितलं, पाना मागितला आणि पुढच्या जुम्म्यापासून, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेपासून, मला तुमच्या जागी इमाम म्हणून उभं केलंत. का हो? एक कानाखाली ठेवून द्यायची होती! गावभरचे पंप वठणीवर आणणारा माणूस, पोराचा कान तेवढा पिरगाळता आला नाही?

मी पुढं उभा राहिलो आणि नमाज वाढतच गेली. दुकानात तुमच्या हाताखाली काम करणारे शिंदेमामा सगळ्यांना सांगायचे, "उस्ताद नमाजला गेले का पंधरा मिन्टांत पंप हातात. पोरगं पढवायलंय तवापासून फवारणी उद्याच!" तुम्ही हसायचा. मला झोंबायचं.

मग तो उन्हाळ्यातला जुम्मा. मजूर तासाभराची सुट्टी मागून आलेले. माझा खुतबा, नमाजेआधीचं प्रवचन, लांबला, नमाजेत मी कुरआनातली लांबलचक सूरा धरली. माझाच आवाज मला गोड लागायला लागला! दुसऱ्या रकातीत, नमाजेच्या दुसऱ्या फेरीत, तुमचे जिगरी दोस्त गफूरचाचा मटकन खाली बसले. जिंदगी विहिरी खोदण्यात गेलेली, गुडघे कामातून गेलेले. आजारी माणसाला बसून पढायची मुभा आहे, हे मला ठाऊक नव्हतं होय? होतं की! तरी नमाज संपल्यावर मी भर मशिदीत बोललो, "अल्लासाठी ज्यांना उभं राहवत नाही, त्यांनी घरीच पढावं."

चाचांनी काठी उचलली आणि गेले. त्यानंतर त्यांनी मशिदीची पायरी चढली नाही. एका म्हाताऱ्या माणसाला मी अल्लाच्या घरातून हाकललं, अब्बा. दुसरा कुठला शब्द नाही त्याला.

घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "आवाज चांगला हाय तुजा. पर तू नमाज पढवीत न्हवतास, आवाज ऐकवीत व्हतास." मी फुरंगटून दोन दिवस बोललो नाही. आणि तुम्ही रोज असरला चाचांच्या ओसरीवर जायला लागलात. तिथं दोघांचीच जमात, दोघांचीच मिळून नमाज! मला वाटायचं, गाव काय म्हणेल, इमामाचा बापच मशीद सोडून जातो? चाचांना काय वाटत असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

मग तुमची छाती दुखली आणि सगळंच अर्धं राहिलं. तुमची माफी मागायची राहिली. जनाज्याच्या नमाजेत रुकूचं वाकणं नसतं, सजद्याचं कपाळ टेकणं नसतं, नुसतं उभं राहायचं. चाचा काठीवर भार टाकून शेवटपर्यंत उभे राहिले. कबरीवर माती दिली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

त्यांच्या दारात जायची हिंमत व्हायला मला चार महिने लागले. परवा गेलो, हात धरले. म्हणाले, "म्या तर तवाच माफ केलं रं. ह्ये गुडघंच माफ करंनात!" मग तुमची एक गोष्ट सांगितली. रोजे भर उन्हाळ्यात आलेले, चाचा रोजा धरून विहिरीत उतरलेले. तुम्ही त्यांना वर बोलावलंत आणि स्वतःच्या हातानं पाणी पाजलंत. "गफूर, चक्कर येऊन मेलास तर त्यो रोजा न्हाय, येडेपणा हाय. बदल्यात थंडीत एक रोजा धर." हे मला कधी का नाही सांगितलंत?

आज जुम्म्याला चाचा आले! मी इतका हरखलो की ठरवूनच टाकलं, यांना जरासुद्धा ताटकळवायचं नाही. खुतबा झटक्यात संपवला. मग रुकू, सजदा, ऊठ, बस, नुसतं धडाधड! चाचा वाकेपर्यंत मी उठलेला, ते उठेपर्यंत मी परत खाली. नमाज संपली आणि मागून आवाज आला,

"इर्फान! तुजी यष्टी सुटायलीय का?"

अख्खी मशीद हसली. चाचा काही थांबेनात. "आरं, तुज्या बापाची नमाज छोटी व्हती, पळती न्हवती! म्या सजद्यात पोचलो का माजा गुडघा कट्टदिशी वाजायचा. त्यो ऐकल्याबिगर तुजा बाप डोकं वर करीत न्हवता."

अब्बा! एवढी वर्षं तुम्ही पुढं उभं राहून मागचा एक गुडघा ऐकत होता? आणि मी त्याला उरकणं म्हणालो! लांबलचक पढवली तेव्हा मला माझ्या आवाजाची पडली होती. आज पळवली तेव्हा माझ्या शरमेची. मागं उभ्या असलेल्या माणसाचा विचार मी दोन्ही वेळेस केला नाही. मधल्या वाटेवर भाषण देऊन बक्षीस मिळवलं, पण ती वाट आज चाचांनी दाखवली, तीही शिव्या घालत.

असरला चाचा परत आले. मी सजद्यात गेलो, तस्बी, अल्लाची स्तुती, पढली आणि थांबलो. कट्ट! मग डोकं उचललं. डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं.

जमातीनं मला कायमचा इमाम केलंय आणि मी बेधडक हो म्हणालोय. वचन देतो अब्बा, जोवर पुढं उभा आहे तोवर सगळ्यात हळू माणूस पोचल्याशिवाय मी उठणार नाही, आणि माझ्या जिभेपायी कुणी घरी नमाज पढणार नाही. इन्शाअल्ला.

चला, मगरिबची, सूर्य मावळतानाच्या नमाजेची, वेळ होत आली. चाचांना फटफटीवर बसवून आणायचंय, आणि सावकाश चालव म्हणून बजावलंय त्यांनी.

तुमचाच,
इर्फान