श्यामलाच्या तंबोऱ्याला टाइप-सी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
श्यामलाच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं वीज देण्याचं सॉकेट तुटलं. तेवीस तारखेला तिचं गाणं. शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिलंच, तेही एकटीचं. म्हणाली, दुकानात टाकू. म्हटलं, घरात रेडिओच्या कारखान्यातला माणूस असताना? म्हणाली, म्हणूनच.
संकल्प: टाइप-सी बसवणार. मोबाईलचा कुठलाही चार्जर चालेल.

५ नोव्हेंबर
सॉकेटचा सर्किट बोर्ड ग्राफपेपरवर काढला. शिक्षण आठवीपर्यंतच, पण रेघ सरळ. नखाएवढ्या सॉकेटला सोळा पाय. वीज येण्याचे आणि जाण्याचे तेवढे घेतले. बाकीचे हौसेचे.

७ नोव्हेंबर
बसने हडपसर. विश्वजीत तिथे बोर्ड बनवून देतो. म्हणाला, काका, दोन रेझिस्टर राहिले. मोहरीएवढे असतात, ते असले की नव्या चार्जरला कळतं की समोर कोणी आहे, मग तो वीज सोडतो. म्हटलं, मागावी लागते? आमच्या काळी वीज न मागता यायची, आणि गेली की मागूनही यायची नाही. म्हणाला, मग चार्जरही तुमच्या काळातलाच ठेवा.
उद्धट आहे. कारखान्यात मी एका बोर्डातले तीन भाग कमी केले होते. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे तो सगळा माल परत आला, पण त्याची कारणं वेगळी होती.

१० नोव्हेंबर
आग लागली तर? बादलीभर वाळू आणली. श्यामला फ्रिजच्या घुंईवर सूर लावते आहे. म्हणाली, तो निदान वेळेवर सुरू होतो.

१७ नोव्हेंबर, सकाळी ११
पाच बोर्ड आले. पाचाखाली बनवत नाहीत. एक बसवला. घरातला जुना चार्जर लावला. तंबोरा वाजला. पिन दहा वेळा उलटसुलट करून पाहिली, दहाही वेळा वाजला. विश्वजीतला फोन केला. त्याने विचारलं, चार्जर कुठला? म्हटलं, चार्जरसारखा चार्जर. ठेवून दिला.

२२ नोव्हेंबर
श्यामलाने पिशवीत घरातला जुना चार्जर ठेवला. मी काढला. तो न्यायचा तर टाइप-सी कशाला?

२३ नोव्हेंबर, रविवार
हॉलवर केदार व्यवस्था बघत होता. त्याचा चार्जर नवा, वायरीची दोन्ही टोकं सारखी बारीक. तंबोरा गप्प. पिन उलटी केली. सुलटी केली. दुसरा चार्जर आणला, तोही तसलाच. श्यामला स्टेजवर, लोक बसलेले, घसा खाकरून झालेला.
अपूर्वाने, म्हणजे नातीने, मोबाईलवर तंबोरा लावून दिला.
गाणं रंगलं म्हणतात. मी विंगेत तंबोऱ्याची पेटी उघडून बसलो होतो. दोन्ही चार्जर बिघडलेले असणार.

२४ नोव्हेंबर
अपूर्वाने दोन रेझिस्टर सोल्डरने बसवले. चार मिनिटं. आता केदारच्यासारख्या नव्या चार्जरवरही चालतो. तिला सांगितलं, जागा मी मुद्दाम सोडली होती. म्हणाली, आजोबा, कुठे?
चौदा डिसेंबरला श्यामलाला पुन्हा बोलावलं आहे. मी पक्कड शोधत होतो. श्यामला म्हणाली, अहो, या वेळी पहिल्या रांगेत बसा. हात रिकामे ठेवून. अडतीस वर्षांत माझं एक गाणं तुम्ही पुरतं ऐकलेलं नाही.
बरं म्हटलं. पहिल्या रांगेतून स्पीकरची वायरही नीट दिसते.