खाडीचं चित्र, नववी ब

सोम., १७ नोव्हें.
नववी ब. चित्र बघायचा तास सुरू केला. पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, काय दिसतं? अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर, चित्र फार सुंदर आहे. शेजारच्या वर्गातून कुणीतरी आधीच उत्तर पुरवलेलं असणार. मागच्या बाकावरची हेमांगी, धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली, खिडकीबाहेर बघत बसली होती. निदान ती तरी प्रामाणिक.

मंगळ., १८
घरून खाडीचं चित्र नेलं. हॉलमध्ये सोळा वर्षं टांगलेलं, अ.नी काढलेलं. मुलांना नवऱ्याचं चित्र दाखवतेय म्हटल्यावर माणूस खूश होईल की नाही? तर म्हणे, कशाला नेतेस, काच फुटेल. फुटली तर नवी बसवू म्हटलं. तरी फाटकापर्यंत मागे आले.

कुणी काढलंय ते वर्गात सांगितलं नाही. सहीवर कागद चिकटवला, नाहीतर बाईंच्या घरचं म्हणून पुन्हा सुंदर, सुंदर. आज दोनच प्रश्न: काय दिसतं, आणि कशावरून.

खाडीवरची मुलं जागी झाली. हेमांगी म्हणाली, पावसाळ्यातलं आहे. कशावरून? बोटी वर ओढल्यात, वलांड्यांच्या बांबूंवर एक बोंबील वाळत नाहीये, कडेच्या बोटीला ताजा रंग आहे. म्हणजे नारळी पुनवेच्या जरा आधीचं. मी इतकी वर्षं ती हिवाळ्यातली सकाळ समजत होते. चित्रकलेची शिक्षिका म्हणे!

शुक्र., २१
आजचा प्रश्न, चित्रकार कुठे उभा होता? रानशेतची, डोंगराकडची मुलं म्हणाली झाडावर. वर्ग हसला. हेमांगी पुढे आली, छपरांवरून बोट फिरवलं.

"माडीच्या खिडकीतून, बाई. आमच्या आळीत तेव्हा माडीचं घर एकच होतं."

तेव्हा म्हणजे कधी? तर पुढची बोट तिच्या आज्याची. मधल्या फळ्या कोऱ्या आहेत, कारण बोट लांबवली ती त्याच वर्षीच्या पावसात. दादा झाला त्या वर्षी. दादा किती वर्षांचा? सोळा.

घंटा झालेली कळली नाही.

त्या श्रावणात मी नाशिकला, माहेरी. सातवा महिना. बाळ राहिलं नाही. अ. जव्हारला डेप्युटेशनवर होते. घाटात दरड पडलीय म्हणून पाचव्या दिवशी आले. मी डहाणूला परतले तेव्हा हे चित्र हातात दिलं. "तुझ्यासाठी काढलं. जव्हारच्या खोलीत बसून, जुन्या फोटोवरून." किती रडले होते ते छातीशी धरून. आजही आतून हललं काही की त्याच्यापुढेच जाऊन बसते.

जुन्या फोटोत त्या वर्षीच्या कोऱ्या फळ्या कुठून येतील?

शनि., २२
पोरगी थापा मारत असेल. वर्गात भाव मिळाला की रचून सांगतात मुलं. किंवा तिला कुणी पढवलं असेल. पण पढवणार कोण, आणि कशासाठी? तिला म्हटलं, आज्यांना एकदा शाळेत घेऊन ये.

घरी अ.नी विचारलं, चित्र कधी आणणार. कालही विचारलं होतं.

सोम., २४
आजा आला. चपला दाराबाहेर काढून चित्रापुढे उभा राहिला आणि बोटीलाच हात लावला. "ही माझीच. त्या पावसात मधी जोड दिला. पुनवेला रंगवून पाण्यात गेली." म्हणजे कोऱ्या फळ्या दिसायला जेमतेम दोन-तीन आठवडे.

सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या माडीवर कोण राहायचं?

"एक बाई होत्या भाड्याने. तुमच्याच शाळेतल्या. चित्र शिकवायच्या. दिवाळीनंतर गेल्या निघून."

मी पुढच्या जूनमध्ये इथे लागले. त्यांच्याच जागेवर. जागा रिकामी आहे हे मला सांगितलं कुणी? अ.नी. अर्जही त्यांनीच लिहून दिला होता.

तेव्हा वाटलं होतं, बायकोला दुःखातून बाहेर काढायला माणूस केवढी धडपड करतोय. आज मनात पाल चुकचुकली. आजीच्या भाषेत, दुधाने तोंड पोळलं की... पण माझं तर अजून पोळलेलंही नाही.

गुरु., २७
जेवताना अ.कडे बघत होते. सोळा वर्षं त्यांनी ब्रश धरला नाही. नोकरीत वेळ नाही म्हणायचे. मग निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, आता?

म्हटलं, मुलांना चित्रकार बघायचाय, शनिवारी या. आधी पाठ दुखते म्हणाले. मग भात कालवता कालवता म्हणाले, येतो. नाही म्हणाले असते तर संशय आला असता. हो म्हणाले, तरी येतोच आहे. मला काय झालंय कळत नाही. भीती वाटते, एवढं मात्र खरं.

शनि., २९
आले. इस्त्रीचा शर्ट घालून. मी सहीवरचा कागद काढला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेमांगी उभी राहिली. "सर, तुम्ही कुठे बसून काढलंत?"

अ.नी चष्मा लावला. चित्राकडे इतका वेळ बघताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नाही. मग मुलांकडे वळून म्हणाले, "सही माझी आहे. चित्र माझं नाही."

मग कुणाचं, असं हेमांगीने विचारलं. ते म्हणाले, "मला दिलं होतं कुणीतरी. मी त्या खिडकीत कधी गेलो नाही."

खिडकीचं नाव मी घरात काढलेलं नव्हतं. हेमांगीनेही आत्ता काढलं नाही.

मुलं माझ्याकडे बघायला लागली, उत्तर बरोबर की चूक ते सांगा म्हणून. मी म्हटलं, आजचा तास संपला.

वर्ग रिकामा झालाय. इथेच बसून लिहितेय. आज ते खरं बोलले असतील, तर ज्या चित्रापुढे बसून मी माझ्या बाळासाठी रडत आले ते त्या बाईंच्या हातचं. खोटं बोलले असतील, तर अ.नी त्या बाईंच्या खिडकीत बसून काढलेलं.

खाली अ.च्या स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजला. अजून उठलेली नाही.