वच्छलेचा खोकला

१० जानेवारी १९६७
विधानसभेला उभा राहतोय. अपक्ष. शाळेचा राजीनामा दिला. हेडमास्तर म्हणाले, रजा घ्या ना, राजीनामा काहून? मी नुसता हसलो. आमदार काय परत पाढे शिकवायला येतो?

१४ जानेवारी
पत्रक लिहिलं. जन्म खापा, शेतकरी घराणं. शिक्षण मॅट्रिक. (तिसऱ्या प्रयत्नात. हे छापायचं नाही.) धोरण: मुलामुलींच्या शाळा वेगळ्या. बायकांना मॅटिनी शो बंद. आणि बायकोने नवऱ्याचं नाव तोंडातून काढू नये. या शेवटच्यावर माझा खरा जीव. आमची वच्छला सोळा वर्षांत चुकली नाही. भजनात 'मधुसूदन' आला की ती खोकते.

२९ जानेवारी
चिन्ह तराजू. समोर कोणी इंदुताई, वकीलबाई. बिचारीची कीव येते. शेजारचा धोंडबा म्हणतो, मास्तर, तुम्ही तं आमदार होऊनच राहिले!

५ फेब्रुवारी
बायकांची मतं वच्छलेवर सोपवली. रामदासपेठेपासून प्रताप नगरपर्यंत उन्हातान्हात फिरते.

९ फेब्रुवारी
धोंडबाने वाईट बातमी आणली. वच्छला सांगते, आमच्या घरच्यांले मत द्या. घरचे कोण विचारलं, तर पदर तोंडाला. मास्तर म्हणते, तर गल्लोगल्ली मास्तर. तराजू म्हटल्यावर बायकांना वाटलं, आमचं किराणा दुकान आहे. दोघींनी तर तूरडाळीचा भाव विचारला.
काळजीचं कारण नाही. लोक पत्रक वाचतात.

१३ फेब्रुवारी
बाजारात चणे घेतले. माझ्याच पत्रकात बांधून मिळाले.
झोप नाही. वच्छलेला म्हणावं का, बाई, घे नाव? पण कालच्याच सभेत मी गरजलो, जी नाव घेईल तिची जीभ झडेल. ती पहिल्या रांगेत होती. मान डोलावत होती.

१६ फेब्रुवारी
शाळेवरून सहज गेलो. माझ्या जागेवर नवा मास्तर ठेवलाय. मुलं त्याचं ऐकतात. आता जिंकलंच पाहिजे, दुसरं काही हातात नाही.

२२ फेब्रुवारी
इंदुताई निवडून आल्या. मला एकशे सदतीस. वच्छलेला म्हणालो, तुझं एक तरी माझंच ना? ती रडायला लागली. म्हणाली, कागदावर तुमचं नाव होतं जी, त्याच्यावर ठप्पा कसा मारू? पाप लागते. म्हणून बाईंच्या नावावर मारला.
रागवायचं तरी कशावर? धोरण माझंच.

२४ फेब्रुवारी
मला शाळेत तोंड दाखवायची लाज वाटते. वच्छलेला म्हणालो, हेडमास्तरांच्या गोपिकाबाईंकडे जा, माझ्यासाठी शब्द टाक. कारकुनीही चालेल. तिने विचारलं, कोणासाठी म्हणून सांगू जी? मास्तर तं तुम्ही आता राहिले नाही.
मी हात जोडले. म्हणालो, एकदा, फक्त एकदा नाव घे.
तिने तोंड उघडलं. मग खोकली.