पाणी आले नाही, आणले

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंद्याने नळ जोडणारा आणि गेली दहा वर्षे या शहराचा नगराध्यक्ष, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून आणि कानाशी कोणी सल्ला द्यायला बसलेले नसताना हे मृत्युपत्र लिहायला घेतो आहे. डोके ठिकाणावर आहे. ते नसल्याचा आरोप मागच्या दोन निवडणुकांत विरोधकांनी केला आणि या खेपेला आमच्याच माणसांनी, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. मी चाळीस वर्षे दुसऱ्यांचे व्हॉल्व्ह बदलले. नवा व्हॉल्व्ह कधी कधी पहिल्याच दिवशी दगा देतो, हे मला कोणी सांगायला नको. त्यानंतर तीन दिवसांनी, रविवारी, मतदान. म्हणजे माझा निकाल आधी लागणार.

माणसांची पूर्ण नावे आणि पत्ते वकिलांनी जोडपत्रात घेतले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारतो तसेच लिहितो.

कलम एक. राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, संपूर्णपणे माझ्या बायकोला. मागच्या मोरीतला नळ गळतो. तो मी अठरा वर्षे ‘उद्या’ दुरुस्त करतो आहे. नळवाल्याच्या घरात नळाखाली बादली, ही गोष्ट तिने एकदाही बाहेर सांगितली नाही. विरोधकांना कळली असती तर मी दुसऱ्यांदा निवडून आलोच नसतो. माझ्यामागे तिने चांगला माणूस बोलवावा आणि कामावर लक्ष ठेवावे.

कलम दोन. बँकेतली ठेव बायकोच्या नावे. मुलगा परगावी नोकरीला आहे. त्याला काही नको असे त्याने फोनवर सांगितले, तेही आईला. त्याला माझे मनगटी घड्याळ द्यावे. ते सहा मिनिटे पुढे आहे, मुद्दाम ठेवले आहे, कोणी मागे करू नये.

कलम तीन, हात. हा भाग मालमत्तेत बसत नाही असे वकील म्हणाले. न बसू दे, मला लिहायचा आहे.

या खेपेला मी उभा नाही. माझ्या जागी आमच्या गटाने माझ्या पुतणीला उभे केले आहे. ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची, मुलगी. तिची आई लवकर गेली, त्यामुळे शाळेतून सुटली की ती आमच्याकडे यायची, जेवायची, आणि दुकानात बसून पाइपचे तुकडे लांबीप्रमाणे लावायची. तिच्या प्रचाराचे फलक शहरभर लागले आहेत. फोटो जुना आहे, त्यात मी तिच्या शेजारी उभा होतो. गटाने एक सल्लागार नेमला आहे, पांढऱ्या बुटांचा. त्याने मला कापून काढले. पण तिच्या खांद्यावरचा माझा हात त्याला काढता आला नाही. आता शहरातल्या प्रत्येक चौकात माझी पुतणी हसते आहे आणि तिच्या खांद्यावर एक बिनमालकाचा हात आहे. काल न्हाव्याने मला विचारले, “साहेब, हात कुणाचा हो?” मी म्हणालो, “भुताचा. तू दाढी कर.”

गरज सरो, वैद्य मरो, हे लहानपणापासून ऐकले होते. इथे वैद्य मरायचीही वाट पाहिली नाही.

कलम चार, क्रियापदे. मी फार शिकलेलो नाही, पण पत्रक वाचता येते. आमच्या गटाचे पत्रक म्हणते, ‘वरच्या आळीला पाणी आले.’ ‘गळती थांबली.’ ‘टँकर बंद झाले.’ आले, थांबली, झाले! जणू पाणी स्वतःच एके दिवशी चप्पल घालून टेकडी चढून गेले. आणि त्याच पत्रकात खाली, ‘मागील काळात बसवलेल्या पाण्याच्या मीटरबाबत फेरविचार करू.’ चांगले ते आपोआप झाले आणि वाईट तेवढे कोणीतरी केले. तो कोणीतरी मी.

विरोधकांचे मी समजू शकतो. मीटर उखडून टाकू असे ते उघड सांगतात आणि टाळ्या घेतात. पण मीटर निघाले की खालच्या घरांतल्या मोटरी पुन्हा थेट मोठ्या पाइपला लागतील आणि पंधरा दिवसांत वरच्या आळीतल्या बायका पुन्हा हंडे घेऊन टँकरमागे धावतील. हे विरोधकांना ठाऊक नसेल, आमच्या प्रत्येक उमेदवाराला ठाऊक आहे. तरी फेरविचार. मी लोकांना आवडत नाही हे मान्य. मी शिव्या खाल्ल्या, माझ्या दारावर कोणी शेण फासले, सभेत माझ्यावर पाण्याच्या बाटल्या फेकल्या. त्या बाटल्यांतले पाणी माझ्याच नळाचे होते. नावडता माणूस खुशाल टाकून द्या, पण त्याने केलेले काम त्याच्याबरोबर गटारात का?

माझ्या कारकिर्दीत चुका झाल्या नाहीत असे नाही. तीन वर्षांपूर्वी बाजाररस्त्यावर पाइप टाकण्यासाठी खणलेला चर आठ महिने तसाच राहिला. त्यात पडून इस्त्रीवाल्या बाईंचा पाय मोडला. ते वाईट झाले.

कलम पाच. दादाला काही नाही. दादाचे गाड्या धुण्याचे केंद्र होते आणि त्याला दोन इंची चोरटी जोडणी होती. ती मी तोडली, माझ्या हाताने, सगळ्यांच्या आधी. आधी घरच्याची नसती तोडली तर दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने गेलो असतो? ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ एवढे एक वाक्य बोलून दादाने बोलणे सोडले. त्याला सात वर्षे झाली. त्याने बोलावे अशी माझी फार इच्छा आहे, हे इथे स्पष्ट लिहितो. बोलला तर हे कलम रद्द समजावे आणि आमच्या वडिलांची आरामखुर्ची त्याला द्यावी.

कलम सहा. दुकानातला पाइप पकडायचा शिकंजा, पाइपला आटे पाडायची हत्यारे आणि रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडायची लांब चावी नगरपालिकेच्या पाणीखात्याला. माझा मोठा पाना, ज्याची मूठ झिजून माझ्या तळव्याच्या आकाराची झाली आहे, तो पुतणीला. अट एकच, मीटरबाबतचा तो फेरविचार तिने पत्रकातून काढावा. न काढल्यास पाना भंगारात द्यावा. भंगारवाल्याला निदान वजन कळते.

इथवर लिहिले आणि पुतणी आली. पुढे जे घडले त्यामुळे वरचा मजकूर बदलावा लागला, म्हणून तेही लिहून ठेवतो.

दारातच म्हणाली, “काका, शुक्रवारी शेवटची सभा आहे.”

मी म्हणालो, “बरं मग?”

“तुम्ही तेव्हा दवाखान्यातच असाल ना?”

“असेन. काळजी करू नकोस, पट्ट्या सोडून व्यासपीठावर नाही यायचो.”

“तसं नाही हो, काका.”

“तसंच आहे.”

तिने हातातला पत्रकांचा गठ्ठा सारखा केला. मला इतके लागले की मी हे कागद तिच्यापुढे ढकलले. वाच म्हणालो, माझे मढे उठायची वाट कशाला बघतेस. तिने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. हाताच्या कलमाशी तिला हसू आले. क्रियापदांशी आली आणि खुर्ची ओढून बसली. मला वाटले, लागला बाण.

“काका, हे जरा मोठ्यानं वाचा.”

“मी लिहिलंय ते मी काय वाचू?”

“वाचा तर.”

मी वाचले. ‘चर आठ महिने तसाच राहिला.’

“कोण राहिला?”

“चर.”

“स्वतःहून? त्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून?”

मी म्हणालो, कंत्राटदार पळाला, पावसाळा आला, निविदा पुन्हा काढावी लागली. हे सगळे खरे आहे. ती फक्त “काका” एवढेच म्हणाली. ते तिने असे म्हटले की मला माझ्या आईची आठवण झाली.

“त्या बाई रोज माझ्या वाटेवर असतात,” ती म्हणाली. “एका पायावर भार देऊन इस्त्री करतात. मी पत्रक दिलं की विचारतात, तुझा काका एकदा तरी बघायला आला का? मी काय सांगू त्यांना? चर राहिला, पाय मोडला, वाईट झालं? कुणीच काही केलं नाही? माझ्या पत्रकाला नावं ठेवता तुम्ही, पण ही भाषा मी कुणाकडून शिकले?”

“मीटर काढणार का ते बोल.”

“मला भीती वाटते हो. तुमचं नाव घेतलं की लोक दार लावून घेतात. सल्लागार म्हणतो, काकांचं ओझं टाक. तुम्ही म्हणता, डोक्यावर घे. घेईन मी. पण घ्यायचं तर सगळं घेईन. अर्धं तुमचं आणि अर्धं कुणाचंच नाही, असलं सामान मी कुठं ठेवू?”

मी चिडलो. दहा वर्षांत जितका कोणावर चिडलो नसेन तितका. चपला घातल्या आणि निघालो. डॉक्टरांनी चालायला मनाई केली होती. बाजाररस्ता चार गल्ल्यांवर आहे. निघताना मला तिला दाखवून द्यायचे होते की मी काही घाबरत नाही. तिसऱ्या गल्लीत लक्षात आले की मी तीन वर्षे घाबरतच होतो.

इस्त्रीवाल्या बाईंनी मला पाहिले आणि इस्त्री उभी केली. मी म्हणालो, “बाई, तो चर मी उघडा ठेवला. कठडे लावायला सांगितले नाहीत. तुमचा पाय माझ्यामुळे मोडला.”

त्या म्हणाल्या, “चार गल्ल्या यायला तीन वर्षं लागली होय?”

“लागली,” म्हणालो, आणि लगेच बदलले, “लावली.”

मी दुकानातले माझे उंच लोखंडी स्टूल मागवून घेतले, त्यावर बसून इस्त्री करता येते. त्यांनी बसून पाहिले, एक कॉलर केली. “स्टूल ठेवा,” म्हणाल्या, “मत मात्र विचारू नका.” मी विचारले नाही. परत येताना दोनदा ओट्यावर टेकावे लागले. त्या स्टुलावर माझ्या वारसांनी हक्क सांगू नये, हे कलम सात.

घरी आलो तर पुतणी तिथेच, आणि फोनवर तो पांढऱ्या बुटांचा. त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. तिने माझ्या गैरहजेरीत नवे पत्रक लिहून त्याला वाचून दाखवले होते. पत्रक असे आहे:

‘वरच्या आळीला पाणी माझ्या काकांनी आणले. मीटर त्यांनी बसवले. बाजाररस्त्यावरचा चर त्यांनी आठ महिने उघडा ठेवला. मी मीटर काढणार नाही. मी चर उघडा ठेवणार नाही.’

“पडशील!” फोनमधून तो ओरडला.

“पडले तर पडले म्हणेन,” ती म्हणाली, “काकांनी पाडलं म्हणणार नाही.” आणि फोन ठेवला.

मी विचारले, “माझा फोटो टाकणार?”

“नाही. तुमचं तोंड बघून लोक पत्रक वाचायचेसुद्धा नाहीत. हात मात्र राहू दे.”

हे अपमानास्पद आहे आणि मला मान्य आहे.

म्हणून दुरुस्त्या. कलम चारमधली शेवटची तीन विधाने रद्द. त्याजागी वाचावे: ‘बाजाररस्त्यावरचा चर मी आठ महिने उघडा ठेवला. इस्त्रीवाल्या बाईंचा पाय माझ्यामुळे मोडला. मी वाईट केले.’ कलम सहामधली अट रद्द. पुतणी साक्षीदार म्हणून सही करायला बसली आहे, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात. तेव्हा पाना मी कलम सहामधून काढला आणि तिला आत्ताच, जिवंतपणी, हातात दिला. तिने तो नेहमीप्रमाणे उलटा धरला. त्या पान्याने तिने सगळ्यात आधी आमच्या मोरीतला नळ दुरुस्त केला आहे. हे लिहितो आहे तोवर तरी गळत नाही.

ती निवडून येईल का? मला वाटत नाही. शहर मला ओळखून आहे आणि मी शहराला. मला अजूनही राग येतो, गुरुवारी भूल देतील तोवर येत राहील. पण मरायला निघालेल्या माणसाला जे ठेवून जायचे असते, ते घ्यायला कोणीतरी हात पुढे करावा लागतो. तो केला गेला. नव्हे, तिने केला.

हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिला नाही. कोणाच्या बोलण्यावरून बदलला, ते वर लिहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र लिहिलेले नाही, आणि गुरुवार नीट पार पडला तर याच्यातही सुधारणा करीन.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक: मंगळवार, शस्त्रक्रियेला दोन दिवस आणि मतदानाला पाच दिवस असताना, दिवेलागणीला.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, आमचे डॉक्टर:
वरील मृत्युपत्र माझ्यासमक्ष झाले. (सही)

साक्षीदार दुसरी, पुतणी, उमेदवार:
वरील मृत्युपत्र माझ्यासमक्ष काकांनी केले. (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने वकिलांनी छापून दिलेल्या साक्षीच्या ओळीतला ‘झाले’ हा शब्द खोडून स्वतःच्या हाताने ‘काकांनी केले’ असे लिहिले आहे. खोडाखोड मला मान्य. (सही)